काकूच्या आवाजाची सीडी

३ फेब्रुवारी

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मागच्या बोटीनं मिळालं. बेटावरचा वारा शर्ट वाळवतो आणि लगेच पळवूनही नेतो, ते वाक्य मी काकूला वाचून दाखवलं. तिचे खांदे हसले, आवाज आला नाही. त्याच आवाजाविषयी हे पत्र आहे आणि ते लांबणार आहे. क्षमा असावी.

रजा संपवून तुम्ही बोटीत बसलात, तेव्हा गळ्याच्या ऑपरेशनची जखम ओली होती आणि डॉक्टरांनी तिचं बोलणं बंद केलं होतं. तुम्हाला निरोपसुद्धा तिनं पाटीवर लिहून दिला. ती बंदी आता उठली आहे. रोज सकाळी ती पेल्यातल्या पाण्यात नळी घालते आणि नळीतून आवाज काढत बुडबुडे सोडते. मग आकडे म्हणते, मग एकेक वाक्य. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगतात त्यापेक्षा जास्तच करते. कंटाळलेली मी तिला एकदाही पाहिली नाही. मी असतो तर पेला केव्हाच फोडला असता.

आवाज आला आहे, पण जुना आला नाही. खाली बसलेला आहे, लाकडावर जाड पॉलिशपेपर फिरवावा तसा. शब्द मात्र स्वच्छ आहेत. धक्क्यावरच्या भोंग्यातून बोटींच्या वेळा सांगणारी ती हीच, हे अनोळखी माणसाला पटणार नाही. ऑफिसनं तिला तिकिटांच्या टेबलावर बसवलं आहे आणि वेळा आता एक मुलगा नाकातून सांगतो. घराबाहेर ती बोलत नाही. दुकानात बोट दाखवून वस्तू घेते.

तुम्हाला ती पत्रात हे काही लिहीत नाही, म्हणून मला लिहायला सांगितलं. तिचं म्हणणं असं की, तुम्ही धक्क्यावर उतराल, ती काहीतरी बोलेल आणि तुमच्या चेहऱ्यावर जे येईल ते तिला दिसेल. ते तिला बघायचं नाही. आधी तुम्ही एकट्यानं ऐकावं, चेहऱ्याचं जे व्हायचं ते तिकडेच होऊ द्यावं आणि मग यावं. मेच्या पहिल्या बोटीनं तुम्हाला बेटावरच्या नोकरीची मुदत वाढवायची की नाही ते कळवायचं आहे. तोवर ऐकवणं जमलं नाही, तर आणखी एक मुदत घ्या असं ती स्वतःच तुम्हाला लिहिणार आहे. ती बोलते तसं करते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बेटावर मोबाइल चालत नाही. वायरलेसवरचं बोलणं सगळा किनारा ऐकतो. पेन ड्राइव्ह तुमच्या हवामान केंद्रात चालत नाही, फक्त सीडी चालते. म्हणून मी तिला म्हटलं, सीडी करू. म्हटलं खरं, आणि तेव्हापासून झोप नीट नाही.

तुम्ही माडीवर ठेवलेल्या कॉम्प्युटरचा स्वतःचा सीडीचा ट्रे अडकला आहे. आमच्या फ्रेमच्या दुकानाशेजारच्या फोटोवाल्यांनी त्यांचा जुना, बाहेरून यूएसबीला लावायचा सीडी रायटर मला दिला. तो लावला की हिरवा दिवा लागतो. कोरी सीडी ठेवून ट्रे आत ढकलला की गरगर ऐकू येते. पण तुमच्या लिनक्समधला सीडी लिहायचा प्रोग्राम उघडला की, या यंत्रावर लिहायची तुम्हाला परवानगी नाही, असं काहीसं येतं. इंग्रजी मजकूर वेगळ्या कागदावर उतरवून जोडला आहे. शाळा नववीत सुटली, त्यामुळे अर्थाची खात्री देत नाही, अक्षरांची देतो; तुम्ही मला मोजपट्टी म्हणता ते उगाच नाही.

माझं काही चुकलं असेल का? मी अजूनही रायटरला हात लावण्याआधी ते धुतो.

आशीर्वाद आहेतच, उत्तरही असावं.

तुमचा पुतण्या

*

१६ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी बोटीच्या शिडीवरच फोडलं आणि मागे उभ्या असलेल्या स्वयंपाक्याला बटाट्याचं पोतं डोक्यावर घेऊन थांबावं लागलं. तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

बुडबुड्यांचा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. जिच्या एका वाक्यानं भरलेला धक्का रांगेत उभा राहायचा, ती रोज सकाळी पेल्यासमोर बसते. मी वाऱ्याचा वेग मोजतो रे, असली ताकद मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. तुला ठाऊक नसेल, मी आधी तिचा आवाज पसंत केला, माणूस नंतर पाहिलं. सुटणारी बोट मुद्दाम चुकवून पुढच्या बोटीची सूचना ऐकत बसायचो. ती म्हणते त्यात तथ्य आहे, माझा चेहरा काही लपवू शकत नाही. पत्त्यांत मी इथे रोज हरतो. तेव्हा सीडी झालीच पाहिजे.

आता रायटर. तुझं काही चुकलेलं नाही, हात धुणं सोडलं तर. लिनक्स म्हणजे आपला धक्का समज. बोट समोर दिसते म्हणून कुणीही उठून चढत नाही. ज्या मंडळींना सीडीच्या यंत्राला हात लावायची मुभा आहे, त्यांचा एक गट असतो. तुझं खातं मी घाईत उघडलं आणि तुला त्या गटात घालायचं राहिलं. यंत्र तुझ्याशी सभ्यपणे नाही म्हणतंय, एवढंच.

माझ्या खात्यातून आत जा. मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेली आज्ञा काळ्या खिडकीत टाइप कर. तुझ्या खात्याच्या नावाची जागा मी रिकामी सोडली आहे. आज्ञा दिल्यावर पासवर्ड पुन्हा विचारला जाईल आणि या वेळी टाइप करताना पडद्यावर काहीच उमटणार नाही, साधे ठिपकेही नाहीत. कीबोर्ड मेला असं समजून डॉक्टर बोलावू नकोस. नंतर पूर्ण बाहेर पड आणि तुझ्या खात्यातून नव्यानं आत ये. नुसती खिडकी मिटून भागणार नाही. दारावरचा माणूस चेहरा आत येतानाच बघतो.

पासवर्ड असा: प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. रोमन अक्षरांत, सगळं सलग, मध्ये कुठेही मोकळी जागा नाही.

काकूला सांग, बुडबुड्यांना हवामान अनुकूल आहे. तुझ्यावरचा लोभ वादळातसुद्धा हलत नाही, हे ध्यानात ठेव.

काका

*

२ मार्च

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

गटाचं काम झालं. रायटर आता प्रोग्राममध्ये नावानिशी दिसतो. तुम्ही तिकडे बसून, यंत्र न बघता, कुलूप कुठलं ते ओळखलंत. दुकानात मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुझे काका डॉक्टर व्हायला हवे होते, नाडी पोस्टानं बघितली असती.

एक गोष्ट सांगायची की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. पासवर्ड टाइप करताना मी अक्षरं मोठ्यानं म्हणत होतो, चुकू नये म्हणून. काकू मागे उभी राहून तुमच्या पत्रात बघत होती. अर्ध्यावर तिला कळलं की हे कुठलं वाक्य आहे. मग ती हसली, काका. खोकल्यासारखं सुरू झालं आणि मोठं होत गेलं. खरखरीत होतं, पण हसणंच होतं. ऑपरेशननंतर तिचं हसणं मी प्रथमच कानांनी ऐकलं. तिला ते स्वतःलाही नवीन असावं, कारण मध्येच थांबून तिनं गळ्याला हात लावून पाहिला. नंतर म्हणाली की, या माणसाला दुसरं काही सुचलं नाही का. पण म्हणताना ती पाठमोरी होती.

त्याच संध्याकाळी तिनं रेकॉर्डिंग केलं. शिकवणाऱ्या बाईंच्या सल्ल्यानं कोटांच्या कपाटात तोंड घालून बसली, तिथे आवाज घुमत नाही म्हणून. मला खाली पाठवलं. काय बोलली ते मला माहीत नाही.

आता दुःखाची बाजू. सीडी लिहायला सुरुवात होते. हिरवी पट्टी पुढे सरकते. मग मध्येच, कधी सुरुवातीला, कधी अर्ध्यावर, रायटरचा दिवा विझतो, लगेच पुन्हा लागतो आणि प्रोग्राम म्हणतो, यंत्र सापडत नाही. सीडी वाया जाते. वाया गेलेल्या सीड्या काकूनं खिडकीत टांगल्या आहेत. म्हणते, निदान पक्षी तरी येणार नाहीत.

मी सगळी काळजी घेतली आहे, ती अशी. माडीची जमीन लाकडी, कुणी जिना चढलं तरी टेबल थरथरतं, म्हणून रायटर टेबलावर ठेवलेला नाही. पलीकडच्या दगडी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला आहे, खाली घडी घातलेलं ब्लँकेट. त्याची मूळ वायर वीतभर होती, म्हणून फोटोवाल्यांकडून लांब जोडवायर आणली. ती कॉम्प्युटरच्या पुढच्या तोंडातून निघून भिंतीच्या कडेनं, दरवाजाच्या चौकटीवरून कोनाड्यात जाते. दर वीतभर अंतरावर खिळा मारला आहे, वायर कुठेही लोंबत नाही. मूळ वायरीला एका टोकाला दोन तोंडं आहेत. एक लावलं की दिवा लागतो, म्हणून दुसरं चिकटपट्टीत गुंडाळून ठेवलं आहे, धूळ जाऊ नये म्हणून.

याहून जास्त काळजी कशी घ्यायची, ते मला सुचत नाही. काकू मला दोष देत नाही. पण काल ती कॅलेंडरपुढे उभी होती आणि मी आल्यावर बाजूला झाली. तिनं तुम्हाला मुदत वाढवा म्हणून लिहिलं, तर ते माझ्यामुळे असेल.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलो आहे.

तुमचा पुतण्या

*

१५ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

कोनाड्यापर्यंत वाचलं आणि मी पत्र खाली ठेवून हसलो. इतका की केंद्रप्रमुख बाई दार उघडून बघून गेल्या. रागावू नकोस. तुझी काळजीच आड आली आहे.

रायटरला वीज त्याच वायरीतून मिळते. बारीक, लांब नळीतून पाणी सोडलं तर शेवटच्या माणसाच्या बादलीत धार पडते की थेंब पडतात? तुझा रायटर दाराच्या चौकटीवरून आलेले थेंब पीत बसला आहे. दिवा लागायला तेवढं पुरतं. सीडी वाचायलाही पुरेल. पण लिहायला आतला किरण जोर लावतो, तेव्हा धाप लागून तो मान टाकतो. ऐकायला नुसता कान पुरतो, बोलायला छातीत दम लागतो, हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको.

आणि ते दुसरं तोंड. ते दिलंय ते पहिल्याला वीज कमी पडली तर जास्तीची ओढायला. तू त्याला पट्टी बांधून गप्प बसवलंस. सोड बिचाऱ्याला.

तेव्हा जोडवायर काढ. रायटर कॉम्प्युटरशेजारी ठेव. दोन्ही तोंडं कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लाव, तिथली वीज जास्त भरवशाची असते. प्रोग्राममध्ये लिहायचा वेग सगळ्यात कमी निवड. टेबल थरथरण्याची भीती वाटत असेल तर जिन्याला कडी घाल. रायटर तेवढा नाजूक नसतो, पण तुझा जीव शांत राहील.

एक गोष्ट मन लावून वाच. इथे माणसं मला यंत्रं आणून देतात आणि म्हणतात, चालत नाही. तू लिहितोस की दिवा विझला आणि लगेच पुन्हा लागला. वायर कुठून कुठे जाते ते लिहितोस. मी समुद्रापलीकडून कोनाडा पाहिला तो तुझ्या डोळ्यांनी. नाडी बघणारा मी नव्हे, मालकांना सांग.

मुदतीचा कागद टेबलावर आहे, कोरा. त्याच्यावर मी बॅरोमीटरची चावी ठेवली आहे, उडू नये म्हणून.

माया आहेच, ती वायर न लावताही पोचते.

काका

*

२९ मार्च

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

झाली.

सोबत सीडी पाठवत आहे. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये मऊ कागदात ठेवली आहे. पुठ्ठे मालकांनी स्वतः कापून दिले. फ्रेमच्या काचा आम्ही अशाच पाठवतो आणि आजवर एकही फुटलेली नाही.

तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन्ही तोंडं मागे लावली तेव्हा दिवासुद्धा जास्त हिरवा वाटला, पण तो माझा भास असेल. जिन्याला कडी घातली. काकू दोन्ही तळवे टेबलावर दाबून बसली होती, म्हणजे टेबल हललंच तर तिला विचारून हलेल. पट्टी अर्ध्यावर गेली तेव्हा मी डोळे मिटले. काकूनं माझ्या मनगटावर चापट मारली आणि दाखवलं की ती अर्ध्याच्या पुढे गेली आहे. मग ट्रे आपोआप बाहेर आला. आम्ही दोघंही काही वेळ त्याला हात लावायला तयार नव्हतो.

काका, तुमचं पत्र मी पाकिटातून काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. मला असं कुणी कधी लिहिलं नव्हतं.

शेवटी प्रोग्रामनं विचारलं की सीडी बंद करायची, की पुढे भर घालता यावी म्हणून उघडी ठेवायची. मी उघडी ठेवली. काकूचं तुम्हाला माहीत आहे, पाकीट चिकटवल्यावर तिला महत्त्वाचं आठवतं. आणि खरंच तिला संध्याकाळी काहीतरी आठवलं, पण तोवर मी पुठ्ठे बांधले होते.

आता बोट वेळेवर सुटावी. काकू म्हणते, ती कधीच सुटत नाही, वेळ सांगणाऱ्यालाच ते सर्वांत जास्त माहीत असतं.

सांभाळून उघडा, आणि लवकर लिहा.

तुमचा पुतण्या

*

११ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

सीडी मिळाली, अखंड मिळाली. मालकांच्या पुठ्ठ्यांना माझा सलाम सांग. पण मी ती ऐकलेली नाही.

आमच्या केंद्राचा नियम असा की, बाहेरून आलेली सीडी केंद्रप्रमुख बाई आधी तपासतात आणि ती बंद केलेली असेल तरच यंत्रात जाते. उघड्या सीडीवर कुणीही काहीही भरू शकतं. एकदा स्वयंपाक्यानं आणलेल्या गाण्यांबरोबर काय काय आत शिरलं आणि आमच्या यंत्रानं भर दुपारी गारपीट दाखवली. तेव्हा हा नियम झाला. बाईंनी तुझी सीडी पाहिली, मला दाखवलं, आणि चांगल्या शब्दांत परत दिली. त्यांच्यावर मला चिडताही येईना, कारण नियम मी लिहिलेला आहे. खाली सही माझीच.

स्वयंपाकी म्हणाला, बाई जेवायला गेल्या की घाला आत, मी दारात उभा राहतो. त्याला वाटतं, त्याची गाणी बंद केल्याची फेड मला मिळतेय, आणि तरी मदतीला आला, माणूस चांगला. मी नको म्हटलं. तुझ्या काकूनं बोट कुणासाठी मिनिटभर थांबवली नाही, सख्ख्या भावासाठीही नाही. तिचा आवाज मी चोरून ऐकला असं तिला कळलं, तर तो मला पुढे ऐकायला मिळणार नाही.

तेव्हा दोष तुझा नाही आणि उघडं ठेवण्यामागचा विचारही बरोबर होता. तिला नेहमीच आणखी काही सांगायचं असणार. पण म्हणून पाकीट कधीच चिकटवायचं नाही असं नाही. नवीन सीडी घे, त्यात भर घालायला जागा ठेवू नकोस, बंद कर. महिनाअखेरची बोट गाठली तर माझं उत्तर द्यायच्या आत ती इथे असेल. ती बोट चुकली तर कागदावर काय लिहायचं, ते मला खरंच माहीत नाही. ती नको म्हणत असताना मी धक्क्यावर उतरणार नाही.

पहिली सीडी मी खिडकीत अडकवली आहे आणि तिच्यात बघून दाढी करतो. आवाज ऐकू येत नाही, पण गालावर राहिलेले केस दिसतात, म्हणजे काम तिच्या स्वभावाचंच करते.

घाबरून हात धुवत बसू नकोस. आशीर्वाद भरपूर.

काका

*

२० एप्रिल

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. काकूला कसं सांगू, म्हणून मी जिन्यातच बसलो. तिनं वरून येऊन पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचलं, आणि तुमच्या दाढीच्या ओळीशी थांबली. मग म्हणाली की, नियम स्वतः लिहून स्वतः पाळणारा माणूस तिनं धक्क्यावर दुसरा पाहिलेला नाही. शब्द तेच लिहितो आहे, काटछाट केलेली नाही.

मला वाटलं, जुनंच रेकॉर्डिंग पुन्हा लिहू. ती म्हणाली, ते शिळं झालं. त्यानंतर तिनं बराच सराव केला आहे आणि तेव्हा ती तुम्हाला घाबरून बोलली होती, आता तसं बोलायचं नाही. मला पुन्हा खाली पाठवलं. या वेळी तिनं कपाट वापरलं नाही. खुर्चीत बसून बोलली. खाली मला शब्द कळत नव्हते, पण चढउतार कळत होता, आणि तो मला जुनाच वाटला. हे मी तिला सांगितलं नाही.

नवीन सीडी कमी वेगानं लिहिली आणि बंद केली. लिहिलेलं बरोबर आहे का ते प्रोग्रामकडून ताडून घेतलं. मी ऐकलेली नाही, यंत्रानं तपासली आहे. शेवटचं बटण दाबताना काकूला विचारलं की, आणखी काही राहिलं आहे का, कारण यानंतर भर घालता येणार नाही. ती विचार करून म्हणाली, राहिलेलं तोंडानं सांगेन.

पुठ्ठे पुन्हा मालकांचेच आहेत. मी स्वतः बोटीपर्यंत जाऊन खलाशाच्या हातात देणार आहे.

बाकी तुमच्यावर सोपवतो.

तुमचा पुतण्या

*

४ मे

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

बाईंनी सीडी तपासली, बंद आहे म्हणाल्या, आणि मला न विचारता उपकरणांच्या खोलीतून सगळ्यांना बाहेर घेऊन गेल्या. कानाला हेडफोन लावून मी एकटा बसलो. चेहऱ्याची तयारी करून बसलो होतो.

सुरुवातीला तिनं माझी चौकशी केली, ती चौकशी कमी आणि तपासणी जास्त. मग विचारलं की शर्टाचं गळ्याखालचं दुसरं बटण जागेवर आहे का. माझा हात शर्टाकडे गेला. बटण नव्हतं. मी खुर्चीखाली बघायला वाकलो, हेडफोनची वायर ताणून निघाली, आणि तसाच गुडघ्यांवर बसून मी टेबलाखाली बटण शोधत राहिलो. मग लक्षात आलं की मी आवाज ऐकायला आलो होतो आणि तेवढंच राहिलं. ती बोलली आणि मी हुकूम पाळायला लागलो होतो.

मग पुन्हा पहिल्यापासून ऐकली, या वेळी आवाज ऐकायचा म्हणून. तुला खोटं लिहिणार नाही. तो आवाज गेला आहे. ज्याच्यासाठी मी बोटी चुकवायचो, तो पुन्हा यायचा नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं. चेहऱ्याचं जे व्हायचं ते झालं. बॅरोमीटरशिवाय कुणी पाहिलं नाही आणि त्याला बोलता येत नाही. पण वाईट वाटत असतानाच मला दिसत होतं की, ती वाक्य कुठे तोडते, मला टोमणा मारण्याआधी केवढी थांबते, ते सगळं जागच्या जागी आहे. पेल्यातल्या बुडबुड्यांतून तिनं ते एकेक करून वर काढलं आहे. जुना आवाज तिला मिळालेला होता. हा तिनं कमावलेला आहे. माझ्यासाठी तिनं कधी केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मला याचा जास्त अभिमान वाटतो, आणि हे तिनं माझ्यासाठी केलेलं नाही, हेही मला कळतं.

हे वाक्य तिला दाखव. वरचं दुःखाचंही दाखव. ते लपवलं तर पुढचं तिला खरं वाटणार नाही.

मुदतीच्या कागदावर नको असं लिहून दिलं आहे. महिनाअखेरच्या बोटीनं निघतो. रायटर जपून ठेव, तो आता घरातला माणूस आहे. आणि मोजपट्टी, माझ्या मागे हे केंद्र कुणीतरी बिघडवणार. त्याला पत्रानं दुरुस्त करायला तू बस. मी नवं नाव सुचवणार होतो तुझ्यासाठी, पण हेच बरं आहे. मोजणारा माणूस लागतो.

बटण सापडलेलं नाही. शोधतो आहे.

काका

*

१२ मे

अहो हवामानवाले,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मुलानं मला वाचायला दिलं आणि स्वतः भिंतीतले खिळे काढायला निघून गेला. सगळं वाचलं. दुःखाचंही वाचलं. ते लिहिलंत म्हणून बाकीच्यावर विश्वास ठेवते.

बटण शोधणं बंद करा. माझ्याकडे त्याच जातीची आहेत. शर्ट तसाच घालून या, म्हणजे गर्दीत ओळखता येईल.

तुमची बोट नेहमीप्रमाणे उशिराच येणार आणि धक्क्यावरच्या लोकांना ते कुणीतरी सांगायला हवं. त्या नाकातून बोलणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी सुट्टी घ्यायला सांगितलं आहे.

बाकी भेटीत. उतरताना भोंग्याकडे लक्ष द्यावे.

तुमचीच